स्मिता पाटीलची बारा वर्षं

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत वरळीला दूरदर्शन केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच आणि कार्यक्रम संध्याकाळच्या काही तासांपुरते. ज्याच्या घरी संच असे, त्याच्याकडे शेजारपाजारची मुलंबाळं सतरंजीवर येऊन बसत. या नव्या पडद्यावर मराठी बातम्या द्यायला जे थोडे चेहरे निवडले गेले, त्यांत विशीही न गाठलेली एक सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. तिचं नाव स्मिता शिवाजीराव पाटील.

पहिल्या चित्रपटापासून मृत्यूपर्यंत तिला मिळाली जेमतेम बारा वर्षं. तेवढ्यात तिनं ८०च्या आसपास चित्रपट केले, दोनदा अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला आणि हिंदी-मराठी पडद्यावर बाई कशी दिसावी, कशी बोलावी, याची समजूतच बदलून टाकली. तिची गोष्ट नेहमी उपजत प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. प्रतिभा होतीच. पण ती फुलायला जी माणसं, ज्या चळवळी आणि ज्या संस्था लागल्या, त्या नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रात उभ्या होत्या. त्यामुळे स्मिताची कारकीर्द समजून घेणं म्हणजे त्या दशकाकडेही नीट पाहणं.

सेवादलाची शिदोरी

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५चा, पुण्यातला. घराणं मूळचं खानदेशातलं, शिरपूरचं. वडील शिवाजीराव स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, समाजवादी विचारांचे. सहकारी चळवळीत रमलेले आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले. आई विद्याताईही सामाजिक कामात. घरात माणसांचा राबता, चर्चांचा धबडगा आणि मुलींनी मागे राहायचं नाही हा शिरस्ता. शाळा पुण्यातली रेणुका स्वरूप. आणि शाळेइतकंच मोठं शिक्षण मिळालं ते राष्ट्र सेवा दलात.

सेवादलाच्या कलापथकाचं महत्त्व आज नव्यानं सांगावं लागतं. गाणी, पोवाडे, वगनाट्यं घेऊन ही तरुण मंडळी गावोगाव हिंडत. जातिभेद, हुंडा, अंधश्रद्धा यांवर लोकांना पटेल अशा भाषेत बोलत. निळू फुले इथूनच घडले, दादा कोंडके यांचीही सुरुवात इथलीच. कवी वसंत बापट हे कलापथकाचे आधारस्तंभ. इथं शिकलेल्याला दोन गोष्टी अंगवळणी पडत. एक म्हणजे मंचावर संकोच नसणं. दुसरी म्हणजे समोर बसलेला माणूस आपल्यापेक्षा वेगळा नाही हे मनोमन ठाऊक असणं. पुढे खेडवळ बायका उभ्या करताना स्मिताला ‘गावरान’ दिसण्याची धडपड कधी करावी लागली नाही, त्याचं एक मूळ इथं आहे.

दूरदर्शनवर ती आली ती छायाचित्रांच्या बळावर. मैत्रिणींच्या वर्तुळात काढलेली तिची छायाचित्रं केंद्रातल्या मंडळींच्या पाहण्यात आली आणि तिला बोलावणं गेलं. बातम्या थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर झाकायला जागा नसे. तिच्या त्या दिवसांची एक आठवण तिच्या जवळची माणसं नेहमी सांगत आली आहेत. जीन्स घालून वावरणारी ही मुलगी केंद्रात आली की जीन्सवरूनच घाईघाईत साडी गुंडाळायची, कपाळाला कुंकू लावायची आणि कॅमेऱ्यापुढे जाऊन बसायची. पडद्यावर दिसायचा तो फक्त चेहरा, खांद्यावरचा पदर आणि स्थिर नजर. नटूनथटून बसण्यापेक्षा नजर आणि आवाज यांनी प्रेक्षकाला धरून ठेवायचं, हा धडा तिला चित्रपटाआधी या छोट्या पडद्यानं दिला.

अर्थात हा पडदा तेव्हा मुंबई-पुण्याच्या टापूपुरताच होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम घ्या किंवा विदर्भातलं दुसरं कोणतंही गाव घ्या, तिथं वरळीहून निघालेलं चित्र पोचण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडच्या लोकांचं मनोरंजन म्हणजे कीर्तन, तमाशा, नाटक आणि जत्रेतला तंबूतला सिनेमा. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या निमित्तानं रंगीत प्रक्षेपण आलं, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव प्रक्षेपण केंद्रांचं जाळं पसरलं, तेव्हा कुठे दूरदर्शन खऱ्या अर्थानं राज्यभर पोचलं. तोवर ‘बातम्या देणारी मुलगी’ देशाची मोठी अभिनेत्री झालेली होती.

नव्या सिनेमाची हाक

ती अभिनेत्री झाली यामागे आणखी दोन कारणं आहेत. पहिलं पैशाचं. १९६० साली केंद्र सरकारनं चित्रपट वित्त महामंडळ काढलं. १९६९ साली मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ त्याच्या कर्जातून झाला आणि कमी पैशांत, बड्या नटांशिवाय चांगला सिनेमा होतो हे सिद्ध झालं. १९७४ साली श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’नं असा सिनेमा चालतोही, हे दाखवलं. दुसरं कारण मराठी रंगभूमीचं. विजय तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सखाराम बाइंडर’, ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांतून प्रेक्षकांना खडबडून जागं केलं होतं. पुण्यात जब्बार पटेल, मोहन आगाशे अशी डॉक्टर मंडळी दवाखाना सांभाळून नाटक करत होती. फिल्म इन्स्टिट्यूटमधून नवे दिग्दर्शक आणि छायाचित्रकार बाहेर पडत होते. या सगळ्यांना बनावटपणा नसलेले चेहरे हवे होते.

स्मितानं पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे अभिनय केला तो फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात. मग जब्बार पटेलांच्या ‘सामना’त छोटी भूमिका झाली. बेनेगलांनी तिला दूरदर्शनवर पाहिलं होतं. बालचित्रसमितीसाठी राजस्थानच्या लोककथेवर ते ‘चरणदास चोर’ करत होते. त्यात तिला राजकन्या केलं आणि लगेच ‘निशांत’मध्ये घेतलं. तिथं शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी, गिरीश कर्नाड अशा तालेवारांच्या गर्दीतही सरंजामी घरातली मुकाट सून लक्षात राहिली.

मग १९७६ साली आला ‘मंथन’. गुजरातच्या सहकारी दूध संघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि १० लाखांत चित्रपट उभा राहिला. दूध विकणाऱ्यांनीच आपली गोष्ट सांगायला पैसे उभे केले, ही जगाच्या सिनेमातही अपूर्वाईची गोष्ट होती. स्मितानं यात बिंदू केली. गायी-म्हशी सांभाळणारी, तोंडाळ, स्वाभिमानी बाई. चित्रीकरण बघायला आलेल्या लोकांना गावातल्या बायकांत बसलेली नायिका ओळखूच आली नाही, ती कुठली म्हणून ते विचारत राहिले, अशी त्या वेळची आठवण सांगितली जाते. बिंदूचं बसणं-उठणं, पदर सावरणं, ओसरीतून गावात आलेल्या परक्या डॉक्टरकडे रोखून पाहणं हे सगळं इतकं तिथल्या मातीतलं होतं, की त्या आठवणीवर सहज विश्वास बसतो.

‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’

१९७७ साल तिच्या कारकिर्दीचा कळस ठरावं असं. हंसा वाडकर या मराठी चित्रपटातल्या गाजलेल्या नटी. त्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेनेगलांनी ‘भूमिका’ केला. कोकणातल्या घरातून मुंबईच्या स्टुडिओत आलेली, कुटुंबाचं पोट भरणारी आणि तरीही स्वतःचं घर शोधत वणवण करणारी उषा हे आव्हान बावीस वर्षांच्या स्मितापुढे होतं. कोवळ्या वयापासून तरण्या मुलीच्या आईपर्यंतचा प्रवास, त्यात पुन्हा कॅमेऱ्यापुढची नटी आणि कॅमेऱ्यामागची बाई अशी दुहेरी वाट.

चित्रपट सुरू होतो तो लावणीनं. पैठणी, नाकात नथ, पायांत चाळ, चेहऱ्यावर ठसका. नाच थांबतो, ती घरी येते आणि नवऱ्याशी उभा दावा मांडलेल्या, थकलेल्या बाईचा चेहरा समोर येतो. त्या दोन चेहऱ्यांमध्ये स्मिता काही ‘करून दाखवत’ नाही. खांदे उतरतात, आवाजाची पट्टी खाली येते, बस्स. पुढे अमरीश पुरींच्या काळे या जमीनदाराच्या वाड्यात मानाची मालकीण म्हणून ती राहते आणि एक दिवस काळेच्या मुलाला जत्रेला न्यायचं म्हणते, तेव्हा तिला कळतं की उंबरा ओलांडायची परवानगी तिला नाही. सोन्याच्या पिंजऱ्याची ही जाणीव तिच्या चेहऱ्यावर सावकाश उमटताना दिसते. या भूमिकेसाठी तिला पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी मराठीत ‘जैत रे जैत’ आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. ठाकर समाजातल्या नाग्याच्या वेडाला साथ देणारी चिंधी स्मितानं केली. नवरा पसंत नाही म्हणून काडीमोड घेऊन स्वतः जोडीदार निवडणारी ही डोंगरातली पोर मराठी पडद्यावर यापूर्वी दिसलेली नव्हती. रानातल्या वाटेवर अनवाणी धावताना, ढोलाच्या तालावर डुलताना ती कुठेही शहरातून आलेली वाटत नाही. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘जैत रे जैत’ला मिळाला.

झोपडपट्टीपासून सुधारगृहापर्यंत

पुढची पाच वर्षं एकापाठोपाठ एक कामं येत गेली. गोविंद निहलानींच्या ‘आक्रोश’मध्ये ती आदिवासी लहान्या भिकूची बायको झाली, भूमिका छोटी, पण सगळा चित्रपट तिच्यावर झालेल्या अत्याचाराभोवती फिरतो. मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’मध्ये ती बंगालीत गेली. सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केली, त्यात ओम पुरींबरोबर ती होती. बातम्यांनंतर दूरदर्शनशी जुळलेलं हे तिचं दुसरं मोठं नातं.

जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’साठी तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलाला वाढवणारी अम्मा तिनं उभी केली. या चित्रपटात अम्मा झोपडीबाहेर उघड्यावर अंघोळ करते असं दृश्य आहे. झोपडपट्टीत आडोसा नसतो, त्यामुळे कथेत ते दृश्य सहज बसतं. वितरकांनी मात्र तेवढंच उचलून मोठमोठ्या जाहिरात फलकांवर लावलं. स्मितानं या प्रकाराचा जाहीर निषेध केला. वस्तीतली बाई अशी अंघोळ करताना दिसली तर माणूस थबकत नाही, पण तेच चित्र तिकीट विकायला वापरलं की त्याचा अर्थ बदलतो, असा तिचा मुद्दा होता. मुंबईच्या विमेन्स सेंटर या स्त्रियांच्या संघटनेशी ती जोडलेली होती; पडद्यावरच्या आणि पडद्याबाहेरच्या बाईविषयी ती एकाच कळकळीनं बोलत असे.

मराठी प्रेक्षकांच्या मनात मात्र तिचं स्थान पक्कं केलं ते १९८२च्या ‘उंबरठा’नं. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचं. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून. नवरा वकील, सासू समाजकार्यात नावाजलेली. समाजकार्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या सुलभाला संगमवाडीच्या महिला सुधारगृहात अधीक्षिकेची नोकरी मिळते. लहान मुलीला जाऊबाईंच्या हवाली करून ती जाते.

तिथं तिला दिसतो तो व्यवस्थापन समितीचा मानभावीपणा, पुढाऱ्यांची वर्दळ आणि आतल्या बायकांची घुसमट. स्मिता इथं ना क्रांतिकारक होते, ना बिचारी. चष्मा, साध्या सुती साड्या, फायलींचा ढीग, रात्री एकटीच्या खोलीत मुलीची आठवण. दोन आश्रमवासी बायका जळून मरतात तेव्हा सारा ठपका तिच्यावर येतो. राजीनामा देऊन ती घरी येते, तर नवऱ्यानं दुसरीशी संबंध जोडलेला. तो ते कबूलही करतो आणि तिनं समजून घ्यावं अशी अपेक्षाही ठेवतो. सुलभा आरडाओरडा करत नाही. ती घर सोडते.

त्या काळच्या कुटुंबांत या शेवटावरून बरेच वाद झडले. आई म्हणून ती चुकली का, मुलीचं काय, नोकरी इतकी महत्त्वाची का? ज्या घरांतली पहिली पिढी नोकरीला बाहेर पडत होती, तिथं हे प्रश्न परक्याचे नव्हते. चित्रपटातली प्रार्थना लिहिली होती वसंत बापटांनी. सेवादलाच्या कलापथकातलं ते बीज दोन दशकांनी असं मोठ्या पडद्यावर उगवून आलं. तेंडुलकरांचाही धागा लक्षात घ्यावा असा आहे. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’ आणि ‘अर्धसत्य’ या सहा चित्रपटांत लेखणी त्यांची आणि अभिनय स्मिताचा. सत्तेपुढे उभा असलेला माणूस हा त्यांचा विषय. त्या माणसाला स्त्रीचा चेहरा मिळाला तो स्मितामुळे.

व्यावसायिक सिनेमाकडे

१९८२ सालीच ती ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ या बड्या हिंदी चित्रपटांत अमिताभ बच्चन यांच्याबरोबर दिसली. तिचे अनेक चाहते हिरमुसले. पावसात भिजत नाचणारी स्मिता त्यांना पाहवेना. तिलाही ते गाणं जड गेल्याचं बोललं गेलं.

या वळणामागचं कारण तिनंच मुलाखतीत सांगितलं होतं. जवळजवळ पाच वर्षं ती छोट्या सिनेमाशी बांधील राहिली आणि व्यावसायिक चित्रपट नाकारत आली. पण पुढे तेच छोटे निर्माते तिकीटबारीसाठी नावाजलेल्या तारकांना शोधू लागले. मग आपणही नाव कमावून दाखवू, असं तिनं ठरवलं. यात दुखावलेपण आहे तसा व्यवहारही आहे. समांतर सिनेमाला चित्रपटगृहं मिळत नव्हती, पैसा तुटपुंजा होता आणि घरोघरी व्हिडिओ येऊ लागला होता. कलावंतानं निष्ठेपोटी उपाशी राहावं ही अपेक्षा करणं सोपं असतं. त्याला जगवण्याची सोय उभी करणं अवघड.

या टप्प्यातले तिचे बरेच चित्रपट आज कुणाच्या लक्षात नाहीत, हेही खरं. पण तिनं जुनी वाट सोडली नाही. ‘बाजार’, ‘अर्थ’, ‘अर्धसत्य’, ‘मंडी’, ‘तरंग’ याच वर्षांतले. अरविंदन यांच्या ‘चिदंबरम्’साठी ती मल्याळम चित्रपटात गेली. १९८५ साली तिला पद्मश्री मिळाली. अभिनेते राज बब्बर यांच्याशी तिनं संसार मांडला. ते आधीच विवाहित असल्यानं तिच्यावर टीकाही खूप झाली.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती ढासळत गेली आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत तिचं निधन झालं. वय अवघं ३१.

तिच्यामागे पडद्यावर आलेल्या चित्रपटांत केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ सर्वांत मोठा. माजोरी सुभेदाराच्या थोबाडीत मारून सोनबाई मिरचीच्या कारखान्यात आसरा घेते. म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो. गाव तिला हवाली करायला तयार होतं, आतल्या बायकाही आधी तिलाच दोष देतात. शेवटी सुभेदार दार फोडतो, तेव्हा त्याच बायका लाल तिखटाची घमेली त्याच्या अंगावर रिकामी करतात आणि सोनबाई हातात विळा घेऊन उभी राहते. एकट्या बाईचा नकार इथं साऱ्याजणींचा होतो. ‘मंथन’च्या बिंदूपासून सुरू झालेला प्रवास इथं येऊन पोचला.

काय उरलं, काय गेलं

स्मितानंतर काय बदललं? सावळा वर्ण, रापलेला चेहरा, बोलीतलं बोलणं हे नायिकेला शोभतं, हे प्रेक्षकांनी मान्य केलं. २०१२च्या ‘धग’साठी कोल्हापूरच्या उषा जाधव यांना अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाटेवरचा मोठा अडसर स्मितानं तीस वर्षांपूर्वीच हलवलेला होता. ‘मंथन’ची जीर्णोद्धार केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे ५ लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांचं ते काम अजून टिकून आहे.

गेलं ते या कामाला आधार देणारं जाळं. गावोगाव हिंडणारी कलापथकं विरळ झाली. दूरदर्शननं १९८०च्या दशकात जाहिरातींवर चालणाऱ्या मालिकांकडे तोंड वळवलं आणि राय यांच्यासारख्या दिग्दर्शकाला कथा सोपवण्याची हिंमत मागे पडली. छोट्या चित्रपटाला पैसा देणारी सरकारी व्यवस्था नावापुरती उरली. आज हिवरा आश्रम गावातली एखादी मुलगी हातातल्या मोबाइलवर आपला अभिनय क्षणात जगापुढे ठेवू शकते, जे स्मिताच्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण तिला घडवणारं कलापथक, तिची पारख करणारी सार्वजनिक वाहिनी आणि तिच्यासाठी भूमिका लिहिणारा तेंडुलकर तिला कुठे मिळणार? हे प्रश्न सरकारनं, नाट्यसंस्थांनी आणि आपण प्रेक्षकांनी सोडवायचे आहेत. स्मिताच्या जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यापेक्षा जिल्ह्याजिल्ह्यात नाटकाची एक जागा, एक चांगला शिक्षक आणि छोट्या चित्रपटाला एक पडदा उभा केला, तर त्या बारा वर्षांचं ऋण थोडंतरी फिटेल.